करंगळीचं हँडल

डिचोलीत बसस्टँडच्या मागे रुझार मेस्त्रीचं दुकान.
छताला तीन हँडलं उलटी टांगलेली.
मी खाली उभी, मान वर,
पाडाच्या आंब्याखाली उभं राहावं तशी.

सायकल आधीच घेतली होती, स्वस्तात,
मोरजीहून आपल्या देशी परत निघालेल्या एका बाईकडून.
तिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं.
बसलं की नाक पुढच्या चाकाला टेकायला जाई.
वाऱ्याशी पैज असेल तर ठीक.
मला नार्वेच्या फेरीपर्यंत जायचं असतं.

"तुका कितें जाय तें सांग, बाये."

मी त्याला उजवी करंगळी दाखवली.
पेट्या दुरुस्त करते मी. हार्मोनियम.
रीड कानशीने घासताना तिचा थरकाप
आधी या बोटाला कळतो, कानाला मागाहून.
सरळ दांड्यावर तासभर भार टाकला
की हे बोट झोपतं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.
गेल्या माघात मयेच्या देवळातली पेटी
मी अशा झोपलेल्या बोटाने लावली.
भजनी मंडळाला कळलं नाही.
मला कळलं.

त्याने पहिलं उतरवलं: सरळ. पुन्हा टांगलं.
दुसरं म्हशीच्या शिंगांचं, ऐसपैस,
पण आमच्या पाणंदीत दोन्हीकडचं निवडुंग खरवडत जाईल.
तिसऱ्यावर कोळ्यांनी संसार थाटलेला.
दूधवाल्यांचं जुनं. मुठी आत वळलेल्या,
जेवणाचं ताट उचलताना हात असतात तशा.
मी धरलं. मनगट सरळ. करंगळी मोकळी.
हे.

टोपलीवरून भांडण झालं.
बायकांना पुढे टोपली लागतेच, हे त्याचं मत.
मी टोपलीत त्याचाच मोठा पाना आणि हातोडा टाकला,
म्हटलं, आता वडाला वळसा घालून ये.
आला तेव्हा टोपली काखेत होती.

पिशव्या दोन, पिएदादबायने शिवलेल्या,
छपराची ताडपत्री उरली होती तिची.
कॅरिअरला दोन बाजूंनी लटकतात.
डावीत चिमटे, कानशी, सरस, भात्याचं चामडं,
जर्द्याच्या डबीत सुटे सूर.
उजवीत मासळी.
हे उलटं करायचं नाही.
एकदा केलं, जुन्या पिशव्यांच्या काळात:
दिवाडीच्या कपेलातली पायपेटी
तीन रविवार बांगड्याचा वास सोडत होती.
पाद्री सज्जन. म्हणाले, असू दे,
प्रभूचे सोबतीही कोळीच होते.

मडगार्ड लांब, टोकाला रबराची झडप.
लाल चिखल पांढऱ्या पोलक्याला ओळखतो.
साखळीला पूर्ण झाकण. दिवा डायनामोचा,
चढाला घरघरतो, पण सेल मागत नाही.

राहिली घंटी.
रुझारने रबरी फुग्याचा भोंगा काढला, पोदेराकडे असतो तो.
नको रे, लोक पिशव्या घेऊन दारात येतील,
आणि माझ्याकडे पाव नाही,
कुणाचातरी बिघडलेला पंचम.

मग खोका उपडा केला. अकरा घंट्या.
एकेक वाजवली. पंक्चरवाला मुलगा थांबून बघत राहिला.
दहा एकाच कारखान्याच्या, काळी चारच्या जराशा वर,
जराशा म्हणजे दात शिवशिवतील इतक्या.
अकरावीला पोचा आलेला.
काळी तीन. स्वच्छ.
"मोडकी ती. फुकट व्हर."
मी वीस रुपये ठेवले, त्याने दहा परत केले.

दोन पायांच्या स्टँडला मात्र खूप घेतले त्याने.
पण फेरीबोट धक्क्याला लागते तेव्हा
सगळ्या स्कूटर कलतात, मालकांसकट.
माझी उभी.

मी कठड्यावर करंगळी टेकवते.
लोखंडातून इंजिन कळतं, त्याचा एक दात चुकतोय तेही.
तांडेलाला सांगावं का?
नको. आज मालारला भाता बदलायचा आहे,
आणि परतताना सुंगटं मिळाली तर
उजवी पिशवी रिकामी हवी.